कार्ल्सरूहच्या वाटेवरचा सव्वीस नोव्हेंबर

नोव्हेंबर सरत आला की जर्मनीतल्या आपल्या वाल्डॉर्फच्या सकाळी धुक्याच्या दुलईतून उशिरानेच जाग्या होतात. वीसलोख-वाल्डॉर्फ स्थानकाच्या फलाटावर खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि हातात कॉफीचा पेला घेऊन आपण उभे असतो, तेव्हा पलीकडचा फलाट पुसट झालेला असतो. उजळ दिसतात त्या फक्त गाड्यांच्या पाट्या. एक गाडी उत्तरेला हायडेलबर्गकडे जाणारी, दुसरी दक्षिणेला कार्ल्सरूहकडे. गावोगावच्या चौकांत नाताळच्या बाजाराची लाकडी दुकाने उभी राहू लागलेली असतात आणि आपल्या घरांत मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी पाच प्रकारची पाने या थंडीत कुठून आणायची, यावर दरवर्षीची चर्चा रंगलेली असते. अशाच एका सकाळी मोबाइलवर दोन प्रकारची चित्रे येऊ लागतात. एकात ताजच्या घुमटाखाली मेणबत्ती तेवत असते, दुसऱ्यात संविधानाची उद्देशिका असते. काही जण पहिल्या चित्राला हात जोडतात, काही दुसऱ्याला, तेवढ्यात गाडी येते आणि आपण आत शिरतो.

सव्वीस नोव्हेंबर आपल्या पंचांगात कुठे नाही, पण मनातल्या दिनदर्शिकेवर तो दोनदा छापला गेला आहे. १९४९ साली या दिवशी घटना समितीने भारताचे संविधान स्वीकारले. २००८ साली याच तारखेच्या रात्री दहा बंदूकधारी समुद्रावाटे मुंबईत उतरले आणि पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसे गेली. आपल्या मराठी मंडळाच्या त्या आठवड्यातल्या बैठकीत आधी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहायचे आणि मग उद्देशिका वाचायची, हा क्रम आता ठरून गेला आहे. एक स्मरण संतापाचे, दुसरे हक्कांचे. ते एकाच संध्याकाळी का आणि कसे मावतात, हे मात्र आपण एकमेकांना कधी विचारत नाही. चहा-फराळाची वेळ झालेली असते.

यंदा जरा विचारू या.

त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. समोरच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि अजमल कसाब जिवंत हाती लागला. तो जिवंत हाती लागला म्हणूनच पुढचे सारे घडू शकले: आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले, साक्षीदारांची रांग लागली, आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला. ते दिवस आठवून पाहा. खटला कसला चालवता, चौकात लटकवा, असे आपणही म्हणालो होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये, जर्मन सहकाऱ्यांसमोर, जरा आवाज चढवूनच म्हणालो होतो. त्याची बाजू मांडण्यासाठी नेमल्या गेलेल्या वकिलाच्या घरावर तिकडे मोर्चा गेला, तेव्हा आपल्याला फारसे वाईटही वाटले नव्हते.

२९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती अमलात आली, एवढे बहुतेकांच्या लक्षात आहे. त्याच निकालपत्रात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या मात्र फार थोड्यांना ठाऊक असतील. पहिली अशी की, हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा आरोप असलेले दोन भारतीय आरोपी विशेष न्यायालयात निर्दोष ठरले होते, उच्च न्यायालयात ठरले होते, आणि इथेही ठरले. चौकात लटकवण्याची आपली सूचना कोणी मनावर घेतली असती, तर त्या दोघांचे काय झाले असते? दुसरी गोष्ट अधिक दूर पोहोचणारी आहे. अटक झालेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे केले जाईल तेव्हा, तुला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकार वकील देईल, हे त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले. ते न पाळणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होईल, असेही म्हटले. म्हणजे उद्या गडचिरोलीत किंवा गोवंडीत मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या एखाद्या पोराला पहिल्याच दिवशी जो वकील मिळायला हवा, त्याच्या हक्काचा दाखला कसाबच्या खटल्यात आहे. हे वाचताना घशाशी काही तरी अडकते खरे. पण नागरी स्वातंत्र्याच्या इतिहासात अशीच माणसे जागोजागी भेटतात. आपल्या हक्कांच्या पायवाटा बहुतेकदा नकोशा झालेल्या माणसांच्या पावलांनी पडल्या आहेत.

आपल्या संविधानाचे जीविताविषयीचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याविषयीचे एकविसावे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते, हे तर आपल्याला, परक्या देशात राहणाऱ्यांना, चटकन उमगायला हवे. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातही, म्हणजे इथल्या घटनेतही, सभा घेण्याचा हक्क फक्त जर्मनांना दिला आहे, पण जीविताचा आणि देहस्वातंत्र्याचा हक्क प्रत्येकाला आहे. घटना न्यायालयाकडे दाद मागण्याची मुभाही ‘कोणालाही’ आहे. या ‘कोणालाही’मध्ये ब्लू कार्डवर आलेले आपणही बसतो.

ते न्यायालय आहे आपल्या स्थानकापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. इथल्या वर्तमानपत्रांत ‘कार्ल्सरूह काय म्हणणार’ असा मथळा आला की त्याचा अर्थ शहर असा नसतो. १९५१ पासून संघीय घटना न्यायालय तिथे आहे. सोळा न्यायाधीश, आठ-आठांची दोन पीठे, बारा वर्षांची मुदत आणि पुन्हा नेमणूक नाही, म्हणजे कोणाची मर्जी राखण्याचे कारणही नाही. न्यायाधीशांचे गर्द लाल झगे पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या न्यायाधीशांवरून तिथल्याच नाट्यगृहाच्या वेशभूषाकाराने बेतले; राजवाड्याशेजारची इमारत मात्र काचेची, आत चाललेले बाहेरून दिसावे अशी. अर्ज करायला वकील लागत नाही, कोर्ट फी लागत नाही. वर्षाला पाचेक हजार अर्ज येतात आणि शंभरात दोनही यशस्वी होत नाहीत, तरी लोक लिहीत राहतात. पंढरीला गेलेल्या प्रत्येकाला गाभाऱ्यात प्रवेश मिळतोच असे कुठे आहे? कळस दिसला तरी पुष्कळ, आणि वारी तर चुकवायची नाही.

या शहरालाही त्याचा काळा दिवस आहे. ७ एप्रिल १९७७ रोजी जर्मनीचे मुख्य सरकारी अभियोक्ता झिगफ्रीड बुबाक यांची मोटार कार्ल्सरूहमध्ये सिग्नलला थांबली असताना मोटरसायकलवरून आलेल्या रेड आर्मी फॅक्शनच्या मारेकऱ्यांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. बुबाक गेले, त्यांचे सोबतीही गेले. देशभर संतापाची लाट होती. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २१ जून १९७७ रोजी, त्याच शहरात घटना न्यायालयाने जन्मठेपेविषयी निकाल दिला. प्रकरण वेगळे होते, खुनाचेच पण दहशतवादाचे नव्हे. न्यायालय म्हणाले की जन्मठेप घटनेत बसते. पण पुन्हा कधी तरी मोकळ्या हवेत पाऊल टाकण्याची खरीखुरी शक्यता कैद्यापुढे उरली पाहिजे, आणि ती केवळ कोणाच्या दयेवर सोपवता येणार नाही, कायद्याने तिचे नियम केले पाहिजेत. पुढे दंडसंहितेत पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्विचाराचे कलम आले ते या निकालामुळे. गोळीबाराच्या जागी वाहिलेली फुले अजून पुरती सुकली नसतील अशा उन्हाळ्यात हे लिहायला न्यायाधीशांचा हात कसा धजला असेल, याचे नवल वाटत राहते. अर्थात तोच हात दर वेळी धजला असे नाही. त्याच वर्षीच्या शरदात काही कैद्यांचा त्यांच्या वकिलांशीही संपर्क तोडण्याची मुभा देणारा कायदा संसदेने काही दिवसांत मंजूर केला, आणि वर्षभराने याच न्यायालयाने तो उचलून धरला.

आता एक मराठी पुस्तक. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कम्युनिस्ट कार्यकर्ते. भारत संरक्षण नियमांखाली महाराष्ट्र सरकारने त्यांना मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध करून ठेवले होते. खटला नाही, शिक्षा नाही, सरकारला धोका वाटला एवढेच. तुरुंगात वेळ भरपूर. त्यांनी सरकारचीच परवानगी घेऊन अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित पुरे झाले तेव्हा ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, असा अर्ज त्यांनी १९६४ च्या सप्टेंबरात केला. महिने गेले, नकार आला. पुस्तकात अणू होता, इलेक्ट्रॉन होते. देशाच्या संरक्षणाला बाधा येईल असे काही नव्हते. सरकारची बाजू वेगळीच होती: माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपले, मग आम्ही ज्या सवलती देऊ तेवढ्याच त्याच्या, पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत आम्ही दिलेली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने हस्तलिखित पाठवू द्या, असे सांगितले. सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयात न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला ती तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्या दिवशी आपले सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत होते. देशात आणीबाणी लागू, सीमेवर युद्ध, आणि दिल्लीतल्या एका दालनात न्यायाधीश एका स्थानबद्ध कम्युनिस्टाच्या मराठी विज्ञानपुस्तकाविषयी बोलत होते! त्यांचे म्हणणे साधे होते. स्थानबद्धाला काय काय करता येणार नाही, हे नियमांत लिहिले आहे. पुस्तक लिहून बाहेर पाठवू नये, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. कायद्यात नसलेले बंधन तुम्ही मनाने घातलेत, तेव्हा तो व्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. स्वातंत्र्य ही सरकारने मोजून दिलेली सवलत आहे की मुळातच असलेला हक्क, ज्यातून कायद्याने सांगितले तेवढेच वजा करायचे? अख्ख्या नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न या वजाबाकीत सामावलेला आहे आणि तो मराठी हस्तलिखिताच्या एका गठ्ठ्यावर सोडवला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. नाट्यसंगीताचा आणि पुरणपोळीचा वाटतो, तितकाच.

आणि आता त्याचे जर्मन भावंड. इथल्या एका कैद्याने तुरुंगातून पत्र लिहिले. पत्रात तुरुंगाच्या वरिष्ठांविषयी वाकडेतिकडे बरेच काही होते, म्हणून ते अडवले गेले. कशाच्या आधारावर? कैदी हा शासनाशी एका खास नात्याने बांधलेला असतो, त्याच्या बाबतीत वेगळ्या कायद्याची गरज नाही, अशी जुनी समजूत इथे चालत आली होती. १४ मार्च १९७२ रोजी कार्ल्सरूहने ती मोडीत काढली. कैद्यालाही मूलभूत हक्क आहेत आणि ते आखडायचे तर संसदेने केलेल्या कायद्यानेच. मग १९७७ च्या आरंभापासून तुरुंगांसाठी रीतसर कायदा लागू झाला. तारखा पाहिल्या तर मुंबईच्या हस्तलिखिताचा निकाल या पत्राच्या निकालाच्या साडेसहा वर्षे आधी लागला होता. कायद्याचे राज्य म्हणजे युरोपाने आपल्याला शिकवलेली गोष्ट, असे आपल्या मनात कुठे तरी पक्के बसलेले असते. या दोन तारखा त्या समजुतीला हळूच टाचणी लावतात.

शिकणे-शिकवणे झालेच आहे, पण सरळ एका बाजूने नाही. त्यासाठी दुसऱ्या फलाटावरून हायडेलबर्गची गाडी पकडावी लागते. नेकारकाठी पूल आणि पडका किल्ला दाखवायला आपण पुण्याहून आलेल्या आईवडिलांना दर उन्हाळ्यात नेतो. त्याच गावातल्या दक्षिण आशिया संस्थेत डीट्रिख कॉनराड नावाचे कायद्याचे अभ्यासक होते. १९६५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. विषय होता, घटनेत दुरुस्ती करण्याच्या अधिकाराला न लिहिलेल्या मर्यादा असतात का? त्यांनी विचारलेले प्रश्न वरवर तऱ्हेवाईक होते. दुरुस्ती करून एकविसावे कलमच काढून टाकता येईल का? दुरुस्ती करून पुन्हा मोगल बादशाही आणता येईल का? ऐकणाऱ्यांना तेव्हा ते पंडिती खेळ वाटले असतील. पण कॉनराड अशा देशातून आले होते जिथे हे घडून गेले होते. वायमार घटनेचे अठ्ठेचाळिसावे कलम संकटकाळात हक्क स्थगित करू देत होते; २८ फेब्रुवारी १९३३ ला त्याच कलमाखाली काढलेल्या फर्मानाने हक्क गुंडाळले गेले ते परत आले नाहीत. म्हणूनच १९४९ च्या मे महिन्यात बॉनमध्ये मूलभूत कायदा जाहीर झाला तेव्हा, मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही यांना कोणत्याही दुरुस्तीने हात लावता येणार नाही, असे त्यातच लिहून ठेवले गेले. (याच बॉनच्या विद्यापीठात १९२१ साली बाबासाहेब आंबेडकरांनी नाव नोंदवले होते, फार काळ ते तिथे राहिले नाहीत. जर्मनीची आणि भारताची राज्यघटना १९४९ या एकाच वर्षी आल्या, अर्ध्या वर्षाच्या अंतराने.)

कॉनराड यांचे व्याख्यान एम. के. नंब्यार या नामवंत वकिलांच्या हाती पडले आणि त्यांनी ते युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात मांडले, तेव्हा सरन्यायाधीशपदी तेच सुब्बा राव होते. पुढे २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त आला आणि त्यात न्या. हंसराज खन्ना यांनी कॉनराड यांचा नावानिशी उल्लेख केला. हायडेलबर्गच्या पुलावर आईवडिलांचे छायाचित्र काढताना आपण यातले काही सांगतो का? आइस्क्रीमचे दुकान मात्र न चुकता दाखवतो.

आपल्या घटनेतल्या आणीबाणीच्या तरतुदींवर वायमारची सावली आहे, हे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपलेले असते. ह. वि. कामथ यांनी घटना समितीतच हे उदाहरण देऊन सावध केले होते. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली आणि ती सावली लांबली. ऑक्टोबरात मुंबईच्या वकिलांनी ‘नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य’ यावर बंद दाराआड सभा घ्यायचे ठरवले, तर पोलीस आयुक्तांनी तिलाच बंदी केली. न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने ती बंदी रद्द ठरवली. स्थानबद्धांच्या अर्जांवर नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की आम्ही हे ऐकू शकतो. मग २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी दार लावून घेतले. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी दाद नाही का, असे खन्नांनी सरकारी वकिलांना विचारले होते, आणि आपल्या युक्तिवादानुसार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले होते. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश नेमले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. हे ‘आपले’ लिहिताना लेखणी क्षणभर थांबते, पण सुखाच्या वेळी आपले म्हणायचे आणि अशा वेळी विसरायचे, हे बरे नव्हे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने विसावे आणि एकविसावे कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले. निकाल मात्र पुस्तकात तसाच उभा राहिला. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना तो खोडला गेला, आणि तो खोडणारे पान लिहिले धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांच्या ऋणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ते असेही फेडता येते.

न्यायालये चुकतात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम कार्ल्सरूहने १९५७ साली वैध ठरवले आणि त्याखालच्या शिक्षा कायद्याने पुसायला २०१७ उजाडले. आपल्याकडे २०१३ ची चूक २०१८ मध्ये सुधारली. साठ वर्षे आणि पाच वर्षे, यांत कोणी मिशीला पीळ भरू नये. दोन्हीकडे मधल्या काळात जी आयुष्ये गेली ती गेलीच.

आपल्या गावाचा या साऱ्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो आपल्या पोटापाण्याचा आहे. माणसांच्या नावांच्या ओळी आणि रकाने करून ते एकमेकांना जोडणे, हा वाल्डॉर्फचा उद्योग. पगार, पेन्शन, आजारपण, सारे रकान्यांत. १५ डिसेंबर १९८३ ला जनगणनेच्या प्रकरणात घटना न्यायालयाने म्हटले की आपल्याविषयीची माहिती कोणाला, किती द्यायची, हे ठरवणे हा माणसाचा हक्क आहे. २७ फेब्रुवारी २००८ ला त्याने आपल्या संगणकाच्या गोपनीयतेलाही घटनेचे कवच दिले. आणि १६ फेब्रुवारी २०२३ ला, हेसन आणि हांबुर्गच्या पोलिसांना विदांचे ढीग आपोआप चाळून संशयित शोधू देणाऱ्या तरतुदी त्याने घटनाबाह्य ठरवल्या. हेसनची हद्द आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर. या निकालात म्हटलेले धोके वकिलांपेक्षा आपल्याला अधिक नेमके कळतात, कारण दोन तक्ते एका समान रकान्याने जोडले की काय काय दिसू लागते, हे आपण रोज पाहतो. कळणाऱ्याने गप्प बसू नये, असे आपल्या आज्या सांगत. त्यांच्यापुढे अर्थात शेजारच्या वाड्यातली भांडणे होती.

आता जरा अडचणीचे. भारतातल्या तुरुंगांत चारांपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. जर्मनीत तपासासाठीची कोठडी सहा महिन्यांपुढे न्यायची तर वरच्या न्यायालयाने ते प्रकरण स्वतः तपासावे लागते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय जामिनाविषयी सुंदर निकाल देते, पण खटल्यांच्या तारखा वर्षानुवर्षे पडत राहतात. शीला बारसे या पत्रकार महिलेने मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांची हालत कळल्यावर सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि १९८३ साली स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा, अटक झाल्याची खबर विधि साहाय्य समितीला देणे, असे आदेश निघाले. एक बाई, एक पत्र. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मुंबई-पुण्यात वकील आहेत, निवृत्त न्यायाधीशही आहेत. कोठडीतल्या माणसाविषयी त्यांच्याशी आपण शेवटचे कधी बोललो?

याच वाल्डॉर्फमधून अठराव्या शतकात एका खाटकाचा मुलगा परदेशी गेला. योहान याकोब आस्टर अमेरिकेत फरच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाला, हॉटेलांना या गावाचे नाव मिळाले ते त्याच्या वंशजांमुळे. मरताना त्याने गावातल्या गरिबांसाठी आणि पोरक्या मुलांसाठी पैसे ठेवले. ते आस्टरहाउस आजही उभे आहे, आपण त्याच्यासमोरून जातो. आपणही गावाला पैसे पाठवतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला पाठवतो, शाळेच्या छपराला पाठवतो, गणपतीची वर्गणी तर न मागता जाते. जामीन मंजूर होऊनही हमीची रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेली माणसे आपल्याच जिल्ह्याच्या तुरुंगात असतात. त्यांच्यासाठी पावती पुस्तक अजून कोणी छापलेले नाही. आपल्या मंडळाने छापावे, असे आम्हाला वाटते, आणि यंदाच्या बैठकीत तसा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल. कोणी म्हणेल, सुटून पुन्हा चोरी केली तर? कोणी म्हणेल, मंडळ सांस्कृतिक आहे. चर्चा व्हावी, चहा थंड झाला तरी चालेल.

दुसरा प्रस्ताव सोपा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी एक शनिवार मोकळा आहे. त्या दिवशी मराठी शाळेच्या मोठ्या मुलांना घेऊन सकाळच्या गाडीने कार्ल्सरूहला जावे. न्यायालय त्या दिवशी बंद असेल, काचेतून नुसत्या खुर्च्या दिसतील, ते ठीक आहे. तिथून राजवाड्यासमोरून चालत बाजारचौकाकडे निघाले की वाटेत योखन गेर्झ या कलावंताने २००५ साली घडवलेला मूलभूत हक्कांचा चौक लागतो. रस्त्यावरच्या साध्या पाट्यांसारख्या चोवीस पाट्या तिथे खांबांवर लावल्या आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या. त्यांवर न्यायाविषयी कायदेपंडितांची वाक्ये आहेत, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांचीही. मुलांचे जर्मन आपल्यापेक्षा चांगले आहे. ती एक-एक पाटी मोठ्याने वाचतील आणि मराठीत काय म्हणायचे यावर आपापसांत भांडतील. थंडी बरीच असेल. हातमोजे आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा बरोबर घ्यावा.